सहावा नंबर हुकतो कुठे?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की इंग्लंडमधल्या आमच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबची प्रीमियर लीगमध्ये परतायची गाडी मैदानात अडत नाही, जानेवारी महिन्यात, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या वेळी अडते. त्यावर एवढी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं. निम्मी पुण्याची. ते साहजिकच, क्लबचे मालक, राव कुटुंब, पुण्याचे. उरलेली कोल्हापूर, गोवा आणि कुठून कुठून. प्रीमियर लीगमध्ये नसलेल्या संघाबद्दल मराठी माणूस इतक्या तावातावाने लिहितो हे बघून बरं वाटलं.

जे हे सदर पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी: मी नारायण पेठेतली. लग्न होऊन लँकेशायरला आले, ब्लॅकबर्नला सुईण म्हणून नोकरी केली, तिथेच निवृत्त झाले. ईवूड पार्कवर ब्लॅकबर्न एंडला आमच्या दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी ओरडते, दुसरीवर नवरा थर्मास धरून बसतो.

ताई, राव कुटुंबानं क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून जास्त पैसा घातला असं वाचतो. तरी तिथले लोक त्यांना शिव्या घालतात. हा कृतघ्नपणा नाही का? (औंध, पुणे)

पैशाचा आकडा खरा आहे, आणि ते मान्य न करणारे आमचे काही लोक अप्रामाणिक आहेत हेही खरं. दरवर्षीचा तोटा कुणीतरी भरतंय म्हणून क्लबला टाळं लागलं नाही. शेजारच्या ‘बरी’ या क्लबचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. २०१९ मध्ये लीगनं त्यांना बाहेर काढलं, सव्वाशे वर्षांहून जुना क्लब.

पण राग कशाचा आहे ते ऐका. राव कुटुंबाच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कोंबड्यांच्या कंपनीनं नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. संघ तेव्हा प्रीमियर लीगमध्ये तेरावा होता. तेरावा! आज आम्हाला कुणी तेरावा नंबर दिला तर आम्ही गावजेवण घालू. त्याच्या जागी स्टीव्ह कीन. तेव्हा रोनाल्डिनो येणार अशा बातम्या छापून आल्या. तो गेला ब्राझीलला, फ्लामेंगोकडे. आमच्या वाट्याला आली ती ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाणाऱ्या खेळाडूंची जाहिरात. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर ०-१ हरून आम्ही प्रीमियर लीगमधून खाली गेलो. त्याच मॅचला कुणीतरी निळ्यापांढऱ्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतोस, मी सोडलेली नाही.” दुसऱ्या दिवशी वॉर्डातसुद्धा तेच. पुणे हे गाव किती मोठं आहे आणि तिथला प्रत्येक जण प्रत्येकाचा चुलतभाऊ नसतो, हे मला बरेच दिवस समजावून सांगावं लागलं.

त्याच्या पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. त्याच उन्हाळ्यात ८० लाख पौंड देऊन जॉर्डन ऱ्होड्स आणला होता. गोल करण्यात पोरगं एक नंबर. पण ज्या क्लबला आपला मॅनेजर कोण हे दिवाळी ते होळी सांगता येत नाही, त्याला एक माणूस गोल करून कुठे नेणार?

इथल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात मालक म्हटलं की जॅक वॉकर येतो. गावचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात पैसा केलेला. त्यानं १९९२ मध्ये ३३ लाख पौंडांना शिअरर आणला, १९९४ मध्ये ५० लाखांना सटन, आणि १९९५ मध्ये लीग जिंकली. तो स्वतः स्टँडमध्ये येऊन बसायचा. आत्ताचे मालक गेली कित्येक वर्षं मॅचला फिरकलेले नाहीत. शिव्यांचं मूळ तिथे आहे. पैसे येतात, माणूस येत नाही; मग एखादा निर्णय चुकला तर कुणाला धरायचं तेच कळत नाही.

जानेवारीत नेमकं काय होतं? उदाहरण द्या, नुसतं मोघम लिहू नका. (ठाणे)

देते की. तीन देते.

आधी हिशोब समजून घ्या. चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालची श्रेणी, आम्ही आहोत ती. तिच्यात २४ संघ, प्रत्येकाच्या ४६ मॅच. पहिले दोन थेट वर. तिसरा ते सहावा यांचा प्ले-ऑफ, म्हणजे बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठी बाद फेरी, शेवटची मॅच वेम्बलीला. म्हणजे सहावा आणि सातवा यांच्यात नंबराचा फरक एक. पण सहाव्याला वर जायची संधी आणि सातव्याला उन्हाळ्याची सुट्टी.

२०२३चा जानेवारी. आम्ही पहिल्या सहांच्या आसपास होतो. मधल्या फळीत पळणारा माणूस हवा होता आणि तो सापडलाही होता: नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुइस ओब्रायन, लोनवर, म्हणजे उसना. विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची मुदत, बंद व्हायच्या रात्री सगळं ठरलं, माणूस तयार, फॉरेस्ट तयार. लीगकडे कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत. अपील केलं, फेटाळलं गेलं. बिचारा ओब्रायन फॉरेस्टच्या प्रीमियर लीगच्या यादीतही नव्हता, शेवटी अमेरिकेत खेळायला गेला.

आता त्याच हंगामाचा शेवटचा दिवस बघा, ८ मे. आम्ही मिलवॉलला खेळत होतो. मी घरी, रेडिओ ओट्यावर, कुकर गॅसवर. आम्ही ३-१ मागे. मी रेडिओ बंद केला. नवऱ्यानं चालू केला. ३-२, मग ३-३, मग ४-३! मी डाळ तशीच सोडून अंगणात. आणि तेवढ्यात निवेदक सांगतो की सुंदरलंड ३-० नं जिंकतंय, कुठे, तर प्रेस्टनला, आमच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. दोघांचे गुण ६९. त्यांचा गोलफरक अधिक १३, आमचा उणे २. ते सहावे, आम्ही सातवे. डाळ करपली ती करपलीच.

आता कुणी म्हणेल, एका ओब्रायननं १५ गोलांचा फरक भरून निघाला असता का? नसता. पण गोलफरकाची वेळच आली नसती. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत एक बरोबरी जिंकण्यात बदलली असती तरी पुरे होतं. तेवढं एक चांगला मिडफिल्डर करतो, त्यासाठीच त्याला आणतात.

२०२४चा जानेवारी. माणसाला एकदा ठेच लागली की तो बघून चालतो म्हणतात. ऑरलँडो सिटीचा फॉरवर्ड डंकन मॅग्वायर अटलांटिक ओलांडून आला. शेवटचा दिवस, शेवटचे तास, आणि पुन्हा कागदपत्रांत घोळ. पुन्हा अपील, पुन्हा नकार, पोरगं परत अमेरिकेला. त्याच दिवशी अ‍ॅडम वॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकलेला. पंधरवड्याच्या आत मॅनेजर टोमासनही गेला. त्या वर्षी आम्ही खालची लीग टाळली ती शेवटच्या दिवशी, लेस्टरला जाऊन २-० जिंकून. दोन्ही गोल सॅमी स्मॉडिक्सचे.

२०२५. या वेळी कागद पोचले, पण मॅनेजर निसटला. जॉन यूस्टेसनं फाटक्या पाकिटात संघ पाचव्या नंबरवर आणून ठेवला होता. जानेवारीत त्यानं जे मागितलं त्यातलं फारसं मिळालं नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर तो डर्बी काउंटीला गेला. डर्बी तेव्हा बावीसावे होते! पाचव्या नंबरचा संघ सोडून माणूस बावीसाव्याकडे जातो, तेव्हा तो तक्ता बघून जात नाही, ऑफिस बघून जातो. हंगाम संपला तेव्हा ब्रिस्टल सिटी ६८ गुणांवर सहावी, आम्ही ६६ वर सातवे. उन्हाळ्यात आमचा कप्तान लुइस ट्रॅव्हिसही डर्बीलाच गेला. तिकडे चहा चांगला मिळत असावा.

वॉर्टनला विकायलाच नको होतं. घरचं पोर, पॅलेसला गेला आणि चार महिन्यांत इंग्लंडच्या युरो संघात! तुम्ही त्या विक्रीचं समर्थन कसं करता? (नागपूर)

त्या विक्रीबद्दल मी लिहिलं होतं ते समर्थन नव्हतं, समजून घेणं होतं. फरक आहे.

वॉर्टन ब्लॅकबर्नचाच, लहानपणापासून आमच्या अ‍ॅकॅडमीतला. १ कोटी ८० लाख पौंड आले, वर आणखी काही अटींवर. तेव्हा परिस्थिती अशी होती की मालकांना भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागत होती, कारण ईडीची परकीय चलनाच्या व्यवहारांबद्दल चौकशी सुरू होती. चौकशीचं काय व्हायचं ते होईल, तो माझा विषय नाही. पण क्लबपुढे प्रश्न महिन्याच्या पगाराचा होता. दुसरं म्हणजे लीगचा नियम: चॅम्पियनशिपमधल्या क्लबला तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंतच तोटा चालतो. विकत आणलेला खेळाडू विकला तर त्याची उरलेली किंमत हिशोबातून वजा होते. घरी घडवलेला विकला तर आलेला पैसा सगळाच्या सगळा नफ्यात. म्हणून सगळीकडे पहिली नजर अ‍ॅकॅडमीच्या पोरांवर जाते. नियम चांगल्या हेतूनं केला असेल, पण त्यानं गावचं पोर गावात राहू देत नाही, हे मला कायम खटकतं.

माझी तक्रार विक्रीनंतरच्या गोष्टीबद्दल आहे. ब्रेंटफर्डही विकतं, ब्रायटनही विकतं. पण त्यांच्याकडे गेलेल्याच्या जागी येणारा सहा महिने आधी हेरलेला असतो. दुभती म्हैस विकायची तर आधी गोठ्यात दुसरी बांधून ठेवावी, एवढं आमच्या आजीलाही कळत होतं. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये २७ गोल करणाऱ्या स्मॉडिक्सला आम्ही ऑगस्टमध्ये इप्सविचला विकलं. बरं, विकलं. सत्तावीस गोल कोण करणार? उत्तर नव्हतं. ऱ्होड्सचंही तेच झालं होतं. २०१६ मध्ये तो मिडल्सब्रोला गेला, त्याच मोसमात मिडल्सब्रो वर गेलं, आणि आम्ही पुढच्या वर्षी तिसऱ्या श्रेणीत.

तो २०१७ चा दिवसही सांगून टाकते, कारण लोक विसरतात. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला आम्ही ३-१ जिंकलो आणि तरी खाली गेलो. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ५१, आमचे ५१, गोलफरकात दोनाचा फरक. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जायची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रेनं एका वर्षात संघ परत वर आणला. एप्रिल २०१८, डॉनकास्टरला मलग्रूचा गोल, १-०. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या ज्या काकू मला कधी ‘हॅलो’ म्हणत नव्हत्या त्यांनी मिठी मारली. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा हॅलो बंद.

काकू, मी नववीत आहे, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा सपोर्टर. आमच्याकडे बाहेरचे खेळाडू आणले की पेठेत भांडणं होतात की घरच्या पोरांना का बसवलं. तुमच्याकडे जपानी आणि आइसलँडचे खेळाडू आणले त्यावर भांडणं होतात का? (कोल्हापूर)

अरे, भांडणं होत नाहीत ते फुटबॉलचं गाव कसलं! शाहू स्टेडियमवर तुमची आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की काय वातावरण असतं ते मला माझ्या कोल्हापूरच्या नणंदेकडून कळतं. तिच्या घरात दोन भाऊ दोन बाजूंना.

जपानी का येतात त्यामागे कारण आहे. इंग्लंड युरोपीय संघात होतं तोवर स्पेन-पोर्तुगालचा कुणीही पोरगा उद्या येऊन खेळू शकत होता. २०२१ पासून परदेशी खेळाडूला गुण मोजून परवाना मिळतो: कुठल्या देशाकडून खेळला, कुठल्या लीगमध्ये, किती मिनिटं. त्यामुळे युरोपियन आणि जपानी एका रांगेत आले. आणि जपानच्या लीगमधला पंचविशीतला तयार खेळाडू इंग्लिश खेळाडूच्या मानानं स्वस्त पडतो. युकी ओहाशी २०२४ मध्ये हिरोशिमाहून आला आणि पहिल्याच लीग मॅचला डर्बीविरुद्ध गोल केला. २०२५ मध्ये र्‍योया मोरिशिता पोलंडच्या लेगिया वॉर्सोकडून आला. आमच्या स्टँडमध्ये आता जपानी झेंडा दिसतो, आणि मागच्या रांगेतला, ‘घरची पोरं, घरची पोरं’ करणारा माणूस ओहाशीनं गोल केला की सगळ्यात आधी उठतो.

आइसलँडचा तो आंद्री गुड्योन्सन. चेल्सी, बार्सिलोनाकडून खेळलेल्या आयडरचा मुलगा. तुला गंमत सांगते: १९९६ मध्ये एस्टोनियाविरुद्ध आंद्रीचे आजोबा अर्नोर आइसलँडकडून खेळत होते. त्यांना बाहेर बोलावलं, आणि त्यांच्या जागी कोण आलं, तर आयडर, त्यांचाच मुलगा. तुमच्या तालमीत असं झालंय का कधी? झालं असेल तर मला कळव, पुढच्या अंकात छापू.

आणि घरच्या पोरांचं म्हणशील तर, बाहेरचा खेळाडू वाईट नसतो. घरच्या पोराला शिकवेल असा आणला तर उत्तम. एका मोसमासाठी येऊन जाणारा असेल तर तुझ्या पेठेचं भांडण रास्त आहे.

चर्चिल ब्रदर्सनं मैदानावर सर्वात जास्त गुण मिळवूनही बढती गेली. तुमच्या कागदपत्रांपेक्षा आमचं दुःख मोठं आहे. (मडगाव)

मोठं आहे, कबूल. इतर वाचकांसाठी: २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे भारतातल्या दुसऱ्या श्रेणीत, गोव्याचे चर्चिल ४० गुणांवर पहिले, इंटर काशी ३९. एप्रिलमध्ये चर्चिलला चषकही दिला गेला. पण खेळाडूंच्या नोंदणीवरून तक्रारी-अपिलं सुरू होती, ती थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेली, आणि जुलैमध्ये इंटर काशी विजेते ठरले. वरच्या श्रेणीत, आय-एस-एलमध्ये (इंडियन सुपर लीग), बढती त्यांची.

इथे माझं मत तुम्हाला आवडणार नाही. नोंदणीचे नियम हे खेळाचेच नियम. ऑफसाइडसारखे. आमचा ओब्रायनचा कागद उशिरा गेला तेव्हा लीगनं आम्हाला दया दाखवली असती तर मी आनंदानं नाचले असते, पण मग उद्या प्रत्येक जण उशिरा पाठवेल. माझा राग लीगवर नव्हता, आमच्या ऑफिसवर होता. तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी: चषक हातात देऊन काढून घेणं. निकाल लागला नसताना समारंभ करायची घाई कुणी केली, हे विचारा त्यांना.

इप्सविचविरुद्धची मॅच पावसानं ८० व्या मिनिटाला थांबली, ब्लॅकबर्न १-० पुढे, समोर दहा खेळाडू. तरी पुन्हा पहिल्यापासून खेळायची? क्रिकेटसारखा डकवर्थ-लुईस का लावत नाहीत? (नांदेड)

त्या दिवशी मी तिथेच होते, २० सप्टेंबर २०२५ ला. चेंडू लाथाडला की दोन हातांवर जाऊन थबकायचा, त्याभोवती पाण्याचं कारंजं. रेफरीनं सगळ्यांना आत नेलं, माळी लोक झाडू-दांडे घेऊन आले, आणि पाऊस काही थांबेना. मॅच रद्द. पुढे लीगनं सांगितलं, ०-० पासून, अकरा विरुद्ध अकरा, पूर्ण नव्वद मिनिटं.

डकवर्थ-लुईस लावायला क्रिकेटमध्ये षटकं आणि विकेट असं मोजायला काहीतरी असतं. फुटबॉलमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोल होतात आणि नव्वद मिनिटांत एकही होत नाही, सूत्र कशावर बसवणार? पण स्पेनमध्ये थांबलेली मॅच थांबली त्या मिनिटापासून पुढे खेळवतात. तोच गोल, तीच दहा माणसं. ते मला पटतं. अर्थात आम्ही ०-१ मागे असतो तर ‘पूर्ण मॅच पुन्हा खेळा’ हे मला लगेच पटलं असतं. फुटबॉलच्या बाईकडून न्यायबुद्धीची अपेक्षा ठेवू नका.

बर्नलीबद्दल तुम्ही नेहमी इतकं वाकडं का लिहिता? (सातारा)

कारण ते बर्नली आहे, आमचं शेजारचं हाडवैरी. २०२४-२५ मध्ये त्यांनी ४६ मॅचमध्ये फक्त १६ गोल खाल्ले आणि १०० गुणांनी वर गेले. असला बचाव मी आयुष्यात पाहिला नव्हता. हे वाक्य लिहिताना मला काय यातना झाल्या ते माझं मला माहीत. पुढचा प्रश्न.

रोव्हर्सच्या मुलींच्या संघाचं काय झालं? (डोंबिवली)

विचारल्याबद्दल आभार, कारण हे कुणीच विचारत नाही. मुलींचा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. तिथे टिकायचं तर संघटनेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात: पूर्णवेळ माणसं, सोयी, खर्च. मे २०२५ मध्ये क्लबनं तो खर्च करायचा नाही असं ठरवून संघ त्या श्रेणीतून काढून घेतला. हरून खाली गेल्या नाहीत त्या. मैदानावर मिळवलेली जागा ऑफिसात सोडून दिली. पुरुषांच्या बाजूला एका बऱ्यापैकी राखीव खेळाडूच्या पगाराचा जो आकडा असतो त्याच्या आसपासच्या पैशांत हे भागलं असतं असा माझा कयास. वाढपी पंक्तीच्या शेवटी पोचतो तेव्हा भांड्यात काही उरलेलं नसतं, आणि शेवटी बसवलेलं असतं नेहमी मुलींनाच.

मग यंदा (२०२५-२६) बढती? एका शब्दात सांगा. (कोथरूड, पुणे)

नाही.

एका शब्दात सांगितलं, आता जरा जास्त. हे लिहितेय तेव्हा आम्हाला शोधायचं तर तक्ता खालून वाचावा लागतो. बचावातला डॉम हायम विंडोच्या शेवटी रेक्सहॅमला गेला, कॅलम ब्रिटन मिडल्सब्रोला, टायरीस डोलन करार संपवून फुकटात स्पेनला, एस्पान्योलकडे. फुकटात! वेळेत करार वाढवला असता तर त्याचे पैसे आले असते. आलेले खेळाडू वाईट नाहीत, पण इतके नवे चेहरे एकमेकांना ओळखेपर्यंत दिवाळी येते.

आणि समोर कोण आहे बघा. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्यांना पुढची काही वर्षं पॅराशूटचे पैसे मिळतात, आमच्यासारख्यांना त्याच्या तुलनेत चिल्लर. तरी ‘पैसाच नाही तर कसं जाणार’ हे रडगाणं मला मान्य नाही. २०२३ मध्ये ल्यूटन वर गेलं, त्यांच्या जुन्या स्टेडियमला जायची वाट लोकांच्या घरांमधून जाते. सुंदरलंड २०२५ मध्ये ७६ गुणांवर चौथं होतं, तिसऱ्या शेफिल्ड युनायटेडचे ९० गुण. वेम्बलीला इंज्युरी टाइममध्ये टॉम वॉटसननं गोल मारला आणि गेले वर. विशीच्या आतबाहेरची पोरं घेऊन गेले ते. प्ले-ऑफला पोचलं की काहीही होतं. आम्ही पोचतच नाही.

जानेवारीत काय हवं? एक डावा बॅक आणि एक सेंटर फॉरवर्ड, दहा तारखेच्या आत. विंडोच्या शेवटच्या रात्री नको.

माझा मुलगा मँचेस्टरला शिकायला गेलाय. त्याला ईवूड पार्कला मॅच बघायची आहे. कसं जायचं, तिकीट महाग असतं का, एकटं जाणं सुरक्षित आहे का? (नाशिक)

वहिनी, खुशाल पाठवा. मँचेस्टर व्हिक्टोरियावरून ब्लॅकबर्नला थेट गाडी आहे, तासाच्या आत पोचते. ब्लॅकबर्नला उतरून गाडी बदलली तर पुढचं मिल हिल स्टेशन मैदानाला जवळ पडतं, तिथून चालत वीसेक मिनिटं. तिकीट क्लबच्या वेबसाइटवर काढायचं, विद्यार्थ्याला आणि तरुणांना सवलत असते, ती शोधून मगच पैसे भरायला सांगा. प्रीमियर लीगच्या मानानं पुष्कळ स्वस्त. स्टेडियमची क्षमता एकतीस हजारांच्या वर आहे आणि हल्ली निम्म्याच्या आसपासच भरतं, त्यामुळे तिकीट मिळण्याची काळजी नको. बर्नलीची मॅच तेवढी सोडून.

पाहुण्या संघाचे लोक डार्वेन एंडला बसतात, तिथलं तिकीट चुकून काढू नये. रिव्हरसाइड स्टँड जुना आहे आणि वारा झोंबतो, पण खेळ जवळून दिसतो. मे महिना असला तरी जाड जाकीट घालून जाऊ दे. आणि त्याच्याकडे मरून रंगाचा स्वेटर किंवा मफलर असेल तर तो त्या दिवशी मँचेस्टरलाच ठेवायला सांगा, तो बर्नलीचा रंग आहे. कुणी मारणार नाही, पण माझ्या पुढच्या रांगेतला तो गृहस्थ नव्वद मिनिटं त्याच्याकडे वळून बघत बसेल.